एचटीएमएल-सीएसएस येतं, क्लॉथ मार्केटमधल्या दुकानाच्या विंडोज बिलिंगसाठी झॅमल (XAML, विंडोज प्रोग्रॅमचा स्क्रीन मांडायची मायक्रोसॉफ्टची टॅगवाली भाषा) वेगळं शिकावं लागेल का?

हो, शिकावं लागेल. टॅग ओळखीचे वाटतील, पण आतली रीत वेगळी आहे. मी इंदूरच्याच दुकानांसाठी डब्ल्यूपीएफमध्ये (WPF, झॅमल वापरून विंडोज प्रोग्रॅम बनवायचं साधन) बिलिंग लिहितो, त्यावरून सांगतो. झॅमलमधला टॅग म्हणजे साधारणपणे थेट डॉटनेटचा (मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅमिंगची चौकट) क्लास. ‘बटन’चं स्पेलिंग चुकलं की प्रोग्रॅम बिल्डच होत नाही, ब्राउझर मात्र अनोळखी टॅग मुकाट्याने गिळतो. स्टाइलसाठी सीएसएससारखी निराळी भाषा नाही, तीही झॅमलमध्येच लिहायची. सिलेक्टर विसरा, स्टाइल कंट्रोलच्या (बटन, टेक्स्टबॉक्स वगैरे) प्रकाराला लागते, नाहीतर किल्ली (की, म्हणजे नाव) देऊन लावायची. लेआउटचं टेन्शन घेऊ नका: ग्रिडमधली ‘२*’ रुंदी जवळपास सीएसएसच्या ‘२एफआर’सारखीच (आणि डब्ल्यूपीएफमध्ये ती २००६ पासून आहे, ब्राउझरांत सीएसएस ग्रिड २०१७ ला रुळलं). खरी मजा बाइंडिंगची, म्हणजे स्क्रीन थेट डेटाला जोडण्याची. कापडाचे मीटर बदलले आणि क्लासने तो बदल कळवला, की बिलाची बेरीज स्क्रीनवर आपोआप बदलते. फक्त डब्ल्यूपीएफ विंडोजपुरतंच आहे. शेठजींना उद्या तेच मोबाइलवरही हवं असेल, तर येतंय त्या एचटीएमएलवरच वेब ॲप करा.