‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहून दादासाहेब फाळके कळले, असे मानावे का?

आपला प्रश्न असा आहे की, सत्यघटनेवर आधारलेल्या हसतखेळत चित्रपटांतला इतिहास कितपत खरा मानावा आणि दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट कसा घडवला हे सांगणारा परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या कसोटीवर कुठे बसतो. माझे मत थोडक्यात सांगतो. या चित्रपटातील प्रसंगांवर आपण बऱ्यापैकी विश्वास ठेवावा, पण त्यातील प्रसन्न वातावरणावर आणि कथेच्या दोन्ही टोकांवर ठेवू नये.

आधी प्रसंगांविषयी. सर्वांत अविश्वसनीय वाटणाऱ्या गोष्टीच येथे बहुधा खऱ्या निघतात. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून फाळके झपाटले, सतत चित्रपट पाहून आणि प्रयोग करून त्यांची दृष्टी काही काळ गेली, विमा पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला निघाले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले, पैसा घालणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवली, ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना उभे केले, हे सारे चरित्रग्रंथांत आहे. शीर्षकातली ‘फॅक्टरी’सुद्धा पटकथाकाराच्या डोक्यातून आलेली नाही; चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जात असल्यामुळे फाळके आपल्या माणसांना ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असे सांगायला शिकवत, ही आठवण प्रसिद्ध आहे. काही तपशिलांत खुद्द चरित्रकारांचेच जमत नाही, उदाहरणार्थ ख्रिस्ताचा तो चित्रपट १९१० च्या नाताळात पाहिला की १९११ च्या ईस्टरला. अशा ठिकाणी दिग्दर्शकाने एक पर्याय निवडला तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

वातावरणाची गोष्ट मात्र वेगळी आहे. फाळके यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात स्वतःच्या धडपडीविषयी लेख लिहिले. त्या लेखांत जागरणे आहेत, डोळ्यांची भीती आहे आणि पैशाची विवंचना आहे. चित्रपटात तीच सामग्री विनोदाच्या हलक्या लयीत येते. घरातल्या वस्तू विकल्या जात आहेत आणि सगळे कुटुंब जणू सहलीला निघाले आहे, असा त्याचा सूर आहे. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कच्च्या फिल्मला छिद्रे पाडली, रसायनांत फिल्म धुतली आणि शिवाय सगळ्या चमूचा स्वयंपाक सांभाळला. विभावरी देशपांडे यांनी त्यांना खरी भागीदार म्हणून उभे केले आहे, हे चित्रपटाचे मोठेच श्रेय. परंतु एवढे कष्ट करताना ही बाई कधी थकली, घाबरली किंवा संतापली असेल, ही शंका प्रेक्षकाच्या मनात फारशी येत नाही. मला यात खोटेपणापेक्षा सोयीस्करपणा दिसतो, आणि तो अधिक दिशाभूल करतो, कारण चुकीचे साल तपासता येते, पण गाळलेला थकवा तपासायला कोणी जात नाही.

तिसरा मुद्दा कथेच्या टोकांचा. कथा सुरू होते तेव्हा फाळके चाळिशीत पोहोचलेले आहेत. गोध्र्याला छायाचित्रकार असताना प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गमावल्याचा भूतकाळ त्यांच्या मागे उभा आहे, हे पडद्यावर दिसत नाही. दुसऱ्या टोकाला ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’चे यश आहे, आणि त्या यशाच्या भरातच चित्रपट आटोपतो. पुढे नाशिकला भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान ही चित्रपट कंपनी निघाली, मतभेद झाले, फाळके सगळे सोडून काशीला गेले आणि तिथे त्यांनी नाटक लिहिले, काही वर्षांनी परतले, बोलपटांच्या लाटेत ‘गंगावतरण’ (१९३७) हा एकमेव बोलपट केला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये जवळजवळ विस्मृतीत असतानाच त्यांचे निधन झाले. याच आयुष्याची गोष्ट १९४४ पर्यंत सांगितली असती तर एकही प्रसंग न बदलता ती शोकांतिका झाली असती. म्हणून अशा कोणत्याही चित्रपटाबद्दल ‘हे खरेच घडले का’ यापेक्षा ‘हे कुठे थांबवले’ हा प्रश्न मी आधी विचारतो.

‘राजा हरिश्चंद्र’ हा पहिला भारतीय कथाचित्रपट, हा पहिलेपणाचा दावाही जरा सैल हातानेच धरावा. सावेदादा भाटवडेकर यांनी १८९९ मध्येच मुंबईत कुस्तीचे चित्रण केले होते, आणि दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मे १९१२ मध्ये त्याच कोरोनेशनमध्ये लागला होता. तो नाटकाचे चित्रण होता आणि त्याच्यावरची प्रक्रिया लंडनला झाली, म्हणून मान फाळक्यांकडे जातो. मला तो निवाडा पटतो, पण तो निवाडा आहे हे लक्षात असलेले बरे.

आपल्याला मूळ साधनांकडे जायचे असेल तर ‘नवयुग’मधील लेखांपासून सुरुवात करावी. मात्र त्याच सुमारास फाळके आपल्या कंपनीसाठी भांडवल जमवत होते, त्यामुळे स्वतःची कथा सांगणारा हा लेखक त्या वेळी गुंतवणूकदारांशीही बोलत होता, हे ध्यानात ठेवून ते वाचावेत.