स्थानिक डेंटल हायजिनिस्ट संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारावे का?

तुमचा प्रश्न मी असा समजले आहे: डेंटल हायजिनिस्ट म्हणून, म्हणजे दवाखान्यात रुग्णांचे दात स्वच्छ करणारी आणि हिरड्या तपासणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणून, चार वर्षे काम केल्यावर स्थानिक संघटनेच्या कार्यकारिणीने तुम्हाला अध्यक्षपदासाठी विचारले आहे, दुसरे कोणी पुढे येत नाही, पदाला मानधन नाही आणि संघटना चालवण्याचा अनुभव तुमच्यापाशी नाही. शिवाय खरे निर्णय राष्ट्रीय पातळीवर होतात, स्थानिक शाखेत वेळ घालवण्यात अर्थ नाही, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे.

माझे मत होकार द्यावा असेच आहे, पण तो आजच देऊ नये. मी अशाच एका शाखेत दोन वर्षे सचिव आणि पुढची दोन वर्षे अध्यक्ष होते. आता साधी सभासद आहे. या चारही वर्षांत दवाखान्यातली नोकरी पूर्णवेळ चालूच होती. पुढे लिहिलेल्यातले बरेचसे मला चुका केल्यावरच कळलेले आहे.

अडचणीचे मूळ आपल्या कामाच्या स्वरूपातच आहे. हायजिनिस्ट दिवसभर खुर्चीपाशी एकटीच असते. हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजताना प्रत्येक दाताच्या सहा जागा तपासाव्या लागतात. अक्कलदाढा सोडल्या तरी अठ्ठावीस दातांच्या १६८ नोंदी होतात, आणि त्यातली एकही ‘बहुधा ठीक असेल’ म्हणून सोडून देता येत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूचे कीटण निम्मे काढायचे आणि उरलेले दुसऱ्या कोणावर सोपवायचे, असेही आपल्याला करता येत नाही. वर्षानुवर्षे असे काम केल्यावर, हाती घेतलेले सगळे आपल्याच हातून पुरे झाले पाहिजे ही सवय अंगात मुरते. खुर्चीपाशी हा गुण आहे. संघटनेत मात्र तोच माणसाला सर्वांत महाग पडतो.

मला तो कसा महाग पडला ते सांगते. अध्यक्ष झाल्यावरची पहिली कार्यशाळा मी जवळजवळ एकटीने उभी केली. सभागृह मी ठरवले, वक्त्याशी पत्रव्यवहार मी केला, नोंदणीची यादी माझ्याच संगणकावर होती, आणि प्रमाणपत्रांवरची नावेसुद्धा रात्री जागून मीच तपासली. कोणाला काम सांगितले नाही, कारण समजावून सांगण्यात जितका वेळ जाईल तितक्यात ते करूनच होईल, असे मला वाटत होते. कार्यशाळेच्या दोन दिवस आधी मी तापाने अंथरुणाला खिळले. कोणी नोंदणी केली आहे, कोणाचे पैसे आले आहेत, वक्त्याला कोण आणणार आहे, यातले काहीही माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हते. कार्यक्रम कसाबसा पार पडला. त्यापेक्षा जास्त लागले ते पुढच्या सभेत. कार्यकारिणीतल्या दोघींनी राजीनामा दिला आणि त्यातल्या एकीने अगदी शांतपणे सांगितले, ‘तुम्हाला आमची गरज कधी वाटलीच नाही.’ मी त्यांचा भार हलका करते आहे अशी माझी समजूत होती. त्यांच्या दृष्टीने मी त्यांना बाहेर बसवून ठेवले होते.

दवाखान्यात सहायकाला एखादे काम सांगितले तर ते नोकरीचा भाग म्हणून होते. स्वयंसेवी संघटनेत अध्यक्षाच्या हाती पगार नसतो, बढती नसते, शिक्षाही नसते. समोरची व्यक्ती तुम्हाला आठ तास उभे राहून थकल्यानंतरचा आपला वेळ देत असते, आणि ‘नाही’ म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार असतो. म्हणून नेतृत्वाचा मोठा भाग मागण्याच्या रीतीत असतो. ‘कार्यशाळेला थोडी मदत लागेल, कोणी येईल का?’ असे सर्वांना मिळून विचारले की कोणी हलत नाही, आणि आपण सभासदांच्या उदासीनतेबद्दल तक्रार करत बसतो. तेच एका व्यक्तीला, नाव घेऊन, ‘रविवारी सकाळी साडेआठ ते साडेनऊ नोंदणीचे टेबल तुम्ही सांभाळाल का? यादी आदल्या दिवशी तुमच्याकडे येईल आणि साडेनऊनंतर तुम्ही मोकळ्या,’ असे विचारले की बहुतेक वेळा होकार मिळतो. काम किती आहे, कधी सुरू होते आणि मुख्य म्हणजे कधी संपते हे कळले पाहिजे. माणसे कामापेक्षा न संपणाऱ्या कामाला घाबरतात. आणि एकदा काम दिले की ते आपल्या पद्धतीने झाले नाही तरी मागून जाऊन दुरुस्त करू नये. टेबलावरची यादी वर्णानुक्रमे लावलेली नव्हती म्हणून मी एकदा ती सर्वांदेखत पुन्हा लावली होती. ती सभासद त्यानंतर कोणत्याही टेबलावर बसली नाही.

दवाखान्यातली दुसरी एक सवय मात्र जशीच्या तशी संघटनेत आणावी, ती म्हणजे नोंद ठेवण्याची. मागच्या भेटीतली मोजमापे समोर नसतील तर आजच्या चार मिलिमीटरला काही अर्थ नसतो. हिरडी सुधारते आहे की बिघडते आहे हे तुलनेवाचून सांगता येत नाही. संघटनेचेही तसेच आहे. सभेचे इतिवृत्त म्हणजे भाषणांचा सारांश नव्हे. काय ठरले, ते कोण करणार आणि केव्हापर्यंत, एवढे तीन तपशील प्रत्येक विषयाखाली असले की पुरे. मी सचिव असताना जुनी इतिवृत्ते वाचली, तेव्हा एकच ठराव तीन वेगवेगळ्या कार्यकारिण्यांनी नव्याने मंजूर केल्याचे दिसले. तिन्ही वेळा तो कोणी अमलात आणायचा हे लिहिलेच नव्हते.

म्हणूनच होकार देण्यापूर्वी काही कागद मागून घ्या. संघटनेची घटना आधी वाचा. पदाची मुदत किती, सभेला गणपूर्तीसाठी किती सभासद लागतात, मध्येच पद सोडले तर काय होते, हे त्यात असते आणि ते वाचलेले लोक आश्चर्य वाटावे इतके थोडे असतात. मागच्या दोन वर्षांची इतिवृत्ते, ताजा हिशेब आणि बँकखात्यावर कोणाच्या सह्या चालतात याची माहिती घ्या. रक्कम कितीही लहान असली तरी एका सहीवर पैसे निघत असतील तर दोन सह्यांची व्यवस्था ही पहिली मागणी ठेवावी. यात कोषाध्यक्षावर अविश्वास नाही; उलट उद्या कोणी शंका काढली तर तिचे संरक्षण त्यानेच होते. आणि वेळेबद्दल मावळत्या अध्यक्षांना थेट विचारा. ‘फारसे काही नसते’ हे उत्तर मानू नका. मी अध्यक्ष असताना तासांची नोंद ठेवली होती. साधारण महिन्याला बारा ते पंधरा तास जात, आणि कार्यशाळा किंवा वार्षिक सर्वसाधारण सभेच्या महिन्यात त्याच्या दुप्पट.

कार्यशाळांचा विषय निघाला आहे तर प्रायोजकांबद्दलही लिहिते. टूथब्रश, टूथपेस्ट आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या आपल्या कार्यक्रमांना सहज पैसे देतात, कारण रुग्णाला कोणता ब्रश घ्यावा हे आपण दिवसातून अनेकदा सांगत असतो. पैसे घेण्यात गैर नाही, पण काय दिले जाईल आणि काय दिले जाणार नाही हे पैसे येण्यापूर्वी लेखी ठरलेले असावे. सभागृहाबाहेर टेबल चालेल. व्याख्यानाचा विषय आणि वक्ता संघटनाच ठरवील. वक्त्याचा कंपनीशी आर्थिक संबंध असेल तर तो व्याख्यानाच्या सुरुवातीला सांगितला जाईल. आमच्याकडे असा नियम नव्हता तेव्हा एका प्रायोजकाने आयत्या वेळी वीस मिनिटे मागितली आणि ती नाकारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. निरंतर शिक्षणाच्या नावाखाली सभासदांनी वीस मिनिटे जाहिरात ऐकली.

आता सर्वांत नाजूक भाग. आपल्यापैकी बहुतेक जणी दंतवैद्यांच्या दवाखान्यात नोकरी करतात, आणि संघटनेला कधीतरी अशी भूमिका घ्यावी लागते जी काही दंतवैद्यांना रुचत नाही. हायजिनिस्टने कोणती कामे, कोणाच्या देखरेखीखाली करावीत याचे नियम ठिकाणागणिक फार वेगळे आहेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९७१ मध्ये हायजिनिस्टला स्थानिक भूल देण्याची परवानगी दिली आणि कॉलराडोने १९८७ मध्ये दंतवैद्याच्या देखरेखीशिवाय व्यवसाय करण्याची वाट खुली केली. इतर अनेक ठिकाणी या दोन्ही गोष्टींवर आजही वाद होतात. अशा विषयावर संघटनेचे निवेदन अध्यक्षांच्या सहीने जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच अध्यक्ष आपल्या मालकाच्या दवाखान्यात कामाला हजर असतात. मी माझ्या दंतवैद्यांना पद स्वीकारण्यापूर्वीच सांगितले होते की काही प्रसंगी संघटनेचे म्हणणे तुमच्यापेक्षा वेगळे असेल, ते मी संघटनेच्या वतीने मांडीन, आणि दवाखान्याचा वेळ, कागद किंवा रुग्णांची माहिती त्यासाठी कधीही वापरणार नाही. त्यांना ते फार आवडले असे नाही, पण नंतर बाहेरून कळण्यापेक्षा ते निश्चितच बरे झाले. एखादा प्रश्न थेट तुमच्याच दवाखान्याशी संबंधित असेल तर चर्चेतून बाजूला व्हा, उपाध्यक्षांना सही करू द्या, आणि बाजूला झाल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या.

याला जोडूनच पगाराचे प्रश्न येतात, आणि ते येतातच. एखादी सभासद रात्री फोन करून सांगते की तिचे तास परस्पर कमी केले, रुग्ण न आल्यास त्या वेळेचे पैसे कापले जातात, आता संघटनेने काहीतरी करावे. इथे मन घट्ट करावे लागते. व्यावसायिक संघटना म्हणजे कामगार संघटना नव्हे; मालकाशी वाटाघाट करण्याचा अधिकार तिला सहसा नसतो, आणि सभासदांनी मिळून दर ठरवणे अनेक देशांत स्पर्धाविषयक कायद्याच्या आड येऊ शकते. तुम्ही तिला लेखी करार बघायला सांगू शकता, कामगार कायद्याची माहिती कुठे मिळेल हे सांगू शकता, आणि शांतपणे ऐकून घेऊ शकता. शेवटचे काम किरकोळ वाटते, पण दिवसभर एकट्याने काम करणाऱ्या व्यक्तीला आपल्याच व्यवसायातले कोणीतरी ऐकते आहे, हे वर्गणी भरण्याचे सर्वांत मोठे कारण असते, असे माझे निरीक्षण आहे.

स्थानिक शाखेला अर्थ नाही, या तुमच्या सहकाऱ्यांच्या म्हणण्याला आपल्या व्यवसायाचा इतिहासच दुजोरा देत नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, ब्रिजपोर्ट शहरी, आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्यांनी १९०६ मध्ये आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे प्रशिक्षण दिले आणि १९१३ मध्ये हायजिनिस्टसाठी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. न्यूमन यांना परवाना मिळाला तो १९१७ मध्ये. कनेक्टिकटमधली हायजिनिस्टांची संघटना मात्र १९१४ मध्येच स्थापन झाली होती आणि न्यूमन तिच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. अमेरिकेची राष्ट्रीय संघटना १९२३ मध्ये क्लीव्हलंड इथे उभी राहिली आणि आंतरराष्ट्रीय महासंघ तर १९८६ मध्ये, ऑस्लो इथे. म्हणजे परवान्याच्याही आधी संघटना होती, आणि ती एका राज्यापुरती होती. आजही सभासदाला प्रत्यक्ष भेटते ती शाखाच: ज्या शाळेत मुलांची तपासणी करायची त्या मुख्याध्यापकांना ओळखणारे, नव्याने पास झालेल्या मुलीला पहिली नोकरी कुठे आहे ते सांगणारे लोक तिथेच असतात. राष्ट्रीय संघटनेकडे सभासदांची यादी असते; कोणी वर्गणी का भरली नाही हे शाखेलाच ठाऊक असते.

अनुभव नसल्याची काळजी मला तुलनेने कमी वाटते. सभा चालवणे दोन-तीन सभांत जमते. त्यापेक्षा, तुमच्यानंतर कोण, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. तुमच्या घटनेत ‘नियोजित अध्यक्ष’ असे पद नसेल तर ते निर्माण करण्याचा ठराव मांडा, म्हणजे पुढची व्यक्ती एक वर्ष तुमच्यासोबत बसून काम पाहील. आज तुम्हाला ज्या पद्धतीने विचारले गेले आहे, म्हणजे दुसरे कोणी नाही म्हणून, तशी पाळी पुढच्या व्यक्तीवर येणार नाही.

तेव्हा मावळत्या अध्यक्षांना आजच लिहा, घटना, इतिवृत्ते आणि हिशेब मागा, आणि त्यासाठी दोन आठवडे द्या. कागद आले, वाचून झाले आणि तुमच्या दंतवैद्यांशी बोलणे झाले की होकार कळवा. ते आले नाहीत, किंवा हिशेबाबद्दल विचारल्यावर विषय बदलला गेला, तर अध्यक्षपदाऐवजी सचिवपद मागा. ती दोन वर्षे कागद शोधून जागेवर लावण्यात जातील, पण मला विचाराल तर संघटना आतून कळते ती त्याच खुर्चीवरून.