बडोद्यात लिग्नाइटचे (कमी प्रतीच्या तपकिरी कोळशाचे) ट्रक ताडपत्री बांधून जातात, तरी रस्त्यालगतच्या घरांत काळी धूळ का येते?

कारण बरीचशी धूळ चाकांची असते. भरणीच्या जागी टायरला चिकटलेला चिखल पुढे डांबरावर सुकतो आणि मागून येणारी प्रत्येक गाडी त्याचं पीठ करून उडवते. तिथे ताडपत्री काय करणार! बाकीची मागच्या फाळक्याच्या फटीतून गळते.

भरूच जिल्ह्यातल्या राजपारडीकडचा लिग्नाइट खाणीतून ओलाच निघतो, वजनाचा साधारण तिसरा हिस्सा पाणी. उन्हात सुकला की तडकतो, भुगा होतो. उष्मांकही कमी, त्यामुळे कारखान्याच्या बॉयलरमध्ये दगडी कोळशाइतकी वाफ करायला ट्रक जास्त लागतात.

उपाय: माल फाळक्याच्या वरच्या कडेपेक्षा वीतभर खाली ठेवा, फटीला रबरी पट्टी लावा, निघताना चाकं धुवा. टँकरने रस्ता भिजवणं म्हणजे तासा-दोन तासांची सोय. गाळ ओला असतानाच खरवडून उचलला पाहिजे, नाहीतर तोच परत उडतो. कारखान्यात ढीग फार दिवस ठेवू नये, लिग्नाइट आतून तापून आपोआप पेटतो.

तक्रार गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा. पीएम 10 ची (हवेतल्या 10 मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक धूलिकणांची) 24 तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. मोजणी रस्त्याच्या कडेला, वर्दळीच्या दिवशी मागा.