जिनी गुणांक ०.४ म्हणजे विषमता जास्त की कमी?

एखाद्या समाजाचा जिनी गुणांक (विषमतेचं माप: ० म्हणजे सगळ्यांची कमाई सारखी, १ च्या जवळ म्हणजे जवळजवळ सगळं एकाकडेच) ०.४ असेल तर तिथे उत्पन्नाची विषमता जास्त समजायची का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या ०.४ वरून मी तरी काही बोलणार नाही. का, ते पाच माणसांवर दाखवतो.

पहिल्या गटात चौघांची कमाई प्रत्येकी ३०, पाचव्याची १८०. दुसऱ्या गटात दोघांना काहीच नाही, उरलेल्या तिघांना शंभर-शंभर. दोन्हीकडे सरासरी ६०. आता प्रत्येक जोडीतला फरक काढा. पहिल्या गटात १५० फरकाच्या चार जोड्या निघतात, दुसऱ्यात १०० फरकाच्या सहा. बेरीज दोन्हीकडे ६००. तिला माणसांच्या संख्येच्या वर्गाने (२५) आणि सरासरीने (६०) भागा: ०.४. दोन्हीकडे! पहिल्यांदा केलं तेव्हा काहीतरी चुकलं असेल म्हणून मी पुन्हा मांडून पाहिलं होतं.

एकीकडे चौघं सारखेच आणि एकच डोईजड. दुसरीकडे दोघं उपाशी. कोराडो जिनी यांनी १९१२ साली मांडलेल्या या मापाला फरकांची बेरीज कळते, ते फरक कुठे साचलेत ते कळत नाही. त्यासाठी मॅक्स लॉरेन्झ यांचा १९०५ सालचा वक्र काढून बघावा. सर्वांत गरिबापासून सुरुवात करून एकेकाची कमाई मिळवत जायची. दुसऱ्या गटाचा वक्र पहिली दोन माणसं संपेपर्यंत तळ सोडतच नाही.

वरच्या २० टक्क्यांची कमाई खालच्या २० टक्क्यांच्या किती पट, असं विचारलं तर पहिल्या गटात उत्तर ६. दुसऱ्यात शून्याने भागायची पाळी येते. पाल्मा गुणोत्तर वरच्या १० टक्क्यांच्या वाट्याला खालच्या ४० टक्क्यांच्या वाट्याने भागतं, मधल्यांना सोडूनच देतं. मला ते आवडतं, भांडण बहुतेक वेळा टोकांचंच असतं.

आणि हा ०.४ नक्की कशाचा? करापूर्वीच्या उत्पन्नाचा, करानंतरच्या, की खर्चाचा? श्रीमंत माणूस सगळी कमाई खर्च करत नाही, त्यामुळे खर्चावरून काढलेला जिनी सहसा कमी भरतो. एका देशाचा खर्चाचा आकडा दुसऱ्याच्या उत्पन्नाच्या आकड्याशेजारी ठेवून लोक हिरिरीने वाद घालतात, त्याला काय म्हणावं!

शिवाय घरोघरच्या पाहणीत अतिश्रीमंत क्वचितच सापडतात, सापडले तरी आकडा हातचा राखून सांगतात. म्हणून वरच्या १ टक्क्याचा वाटा काढायला प्राप्तिकराची आकडेवारी वापरतात. कर चुकवलेला पैसा अर्थात तिथेही नसतो.