शेततळ्यातील शेवाळ आणि हायड्रोजन

प्रश्न : आमच्या केळीच्या बागेसाठी केलेल्या शेततळ्यात उन्हाळ्यात शेवाळ इतके माजते की ठिबकचे फिल्टर सारखे तुंबतात. शेवाळापासून हायड्रोजन इंधन निघते असे वाचले. ते शेतावर जमेल का, आणि त्यातून आणखी काही हाती लागेल का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, मात्र उघड्या शेततळ्यातून हायड्रोजन मिळणार नाही. प्राणवायूविना अंधारात ठेवलेले सूक्ष्म शेवाळ उजेडात आणले की हायड्रोजन सोडते, हे शास्त्रज्ञ हान्स गॅफ्रॉन यांनी सहकाऱ्यासह १९४२ मध्ये प्रसिद्ध केले. प्रकाशसंश्लेषणात पाण्याचे विघटन होते आणि हायड्रोजनेज नावाचे विकर (एन्झाइम) त्यातील प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांची सांगड घालून हायड्रोजन बनवते; पण त्याच विघटनातून निघणारा प्राणवायू या विकराला निकामी करतो, आणि सारे घोडे तेथेच अडते. २००० साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ मेलिस व सहकाऱ्यांनी क्लॅमिडोमोनास या सूक्ष्म शेवाळाला मिळणारे गंधक तोडले. त्यामुळे प्राणवायूची निर्मिती मंदावली, उरलेला प्राणवायू पेशींच्या श्वसनातच संपला आणि बंद बाटलीत काही दिवस हायड्रोजन मिळत राहिला. पुढे पेशी थकतात व त्यांना पुन्हा गंधक द्यावे लागते. शिवाय हे शेवाळ २५ अंशांच्या आसपास चांगले वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर गेल्यावर बंद काचनळ्या थंड ठेवण्यातच मिळकतीहून अधिक ऊर्जा जाईल. घरगुती प्रयोगाच्या नादी तर लागूच नये, कारण हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असेल, तर एक ठिणगीही पुरते.

खरी कमाई आज जोडउत्पादनांत आहे. स्पिरुलिना ही खाण्याजोगी नील-हरित शेवाळाची जात अल्कधर्मी पाण्यात ३५ अंशांच्या सुमारास उत्तम वाढते, वाळल्यावर तिच्यात ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात आणि तिच्यातील निळे रंगद्रव्य खाद्यपदार्थांत वापरले जाते. त्यासाठी मात्र शुद्ध बियाणे, स्वतंत्र टाकी आणि वर शेडनेट हवे. तळ्यात आपोआप आलेले शेवाळ म्हणजे स्पिरुलिना नव्हे. काही नील-हरित जाती यकृताला घातक विष तयार करतात, म्हणून ते गुरांनाही घालू नये.

आपल्या शेवाळाला गोबरगॅसची वाट दाखवावी, हे मला अधिक व्यवहार्य वाटते. शेवाळात नत्र भरपूर असल्याने नुसते शेवाळ घातल्यास अमोनिया वाढून मिथेन बनवणारे जिवाणू मंदावतात. शेणाबरोबर केळीच्या खांबांचे बारीक तुकडे मिसळले की ही अडचण बरीच कमी होते. खांबांचा तर आपल्या भागात तुटवडा नाही! उरलेली स्लरी बागेला देता येते. शेवाळ मारण्यासाठी तळ्यात मोरचूद टाकले असेल, तर मात्र ते शेवाळ संयंत्रात घालू नये, कारण मोरचुदातील तांबे त्या जिवाणूंनाही मारते.