नवा लॅपटॉप आणि त्यातला डेटा खानदेशातल्या उन्हाधुळीत कसा जपावा?

भाऊ, तुम्ही विचारलंय की मुलगी जळगावला एम.एस्सी.ला आहे, तिला नवा लॅपटॉप घेतलाय, सुट्टीत ती चोपड्याकडच्या गावी येते. तिथलं ऊन, धूळ, लाइटीची ये-जा यात तो आणि तिच्या प्रोजेक्टचा डेटा कसा सांभाळायचा. धुळ्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की मी पहिलं हेच विचारतो, "आतलं दुसरीकडे कुठे कॉपी करून ठेवलंय का?" बहुतेकदा मान नाहीच्या दिशेने हलते. म्हणून आधी डेटाचं सांगतो. पडदा, कीबोर्ड, बॅटरी हे सगळं पैसे टाकून बदलता येतं.

दुकान टाकायच्या आधीची गोष्ट आहे. आजीच्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या आणि कानबाईची गाणी मी दोन श्रावण बसून रेकॉर्ड केली होती. मोबाइल भरला म्हणून सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकलं आणि मोबाइलमधून उडवलं. उन्हाळ्याची रात्र, अंगणात बाज, बाजेवर लॅपटॉप, त्याला ती डिस्क जोडलेली. उठताना पाय वायरीत अडकला आणि डिस्क फरशीवर पडली. उंची जेमतेम दोन फूट. पण अशा डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत असते आणि वाचणारं हेड तिच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगतं. उचलून कानाला लावली तर आतून टक्, टक्, टक्. मी ती सात-आठ वेळा काढून पुन्हा जोडली. खरा घात तिथे झाला, कारण दर खेपेला हेड तबकडी खरवडत गेलं. पुण्याच्या लॅबमध्ये त्यांनी उघडून दाखवली, तबकडीवर गोल चरा उमटला होता. एकही गाणं निघालं नाही. आजी त्याच पावसाळ्यात गेली.

म्हणून मुलीला सांगा, डिस्क टकटकली की तिथेच वायर काढायची. पुन्हा जोडून बघायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचे घरगुती उपाय तर नकोतच. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असेल, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. तिला धक्क्याची भीती कमी, पण ती कसलाही आवाज न करता एका सकाळी बंद पडू शकते, आणि तिच्यातून उडवलेली फाइल परत काढणं जुन्या हार्ड डिस्कपेक्षा फार अवघड असतं.

कामाच्या तीन प्रती हव्यात: लॅपटॉपमध्ये एक, एक्स्टर्नल डिस्कवर एक, गूगल ड्राइव्हवर एक. गूगल १५ जीबी फुकट देतं. त्यातच जीमेल आणि फोटोही मोजले जातात, तरी प्रोजेक्ट, एक्सेलच्या फाइली आणि वाचायचे पेपर यांना एवढी जागा सहसा पुरते. मात्र ड्राइव्ह लॅपटॉपशी जुळवलेला असेल तर इथे उडवलेली फाइल तिथूनही जाते आणि ट्रॅशमध्ये फक्त ३० दिवस राहते. त्यामुळे डिस्क लागतेच. ती काम झालं की काढून कपाटात ठेवायची, लॅपटॉपच्या बॅगेत नाही. एसटी स्टँडवर बॅग गेली आणि दोन्ही एकदम गेले, असं सांगत माझ्या दुकानात माणसं रडली आहेत. डिस्क कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस, शिरल्यावर लॅपटॉपसोबत तिच्याही फाइली कुलूपबंद होतात. तो व्हायरस बऱ्याचदा मित्राने दिलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरमधून येतो, ते तिला घेऊ देऊ नका. आणि महिन्यातून एकदा डिस्कवरच्या चार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायला लावा. उघडून पाहिली नसेल तर ती प्रत आहे असं मी धरत नाही.

आता मशीनचं. बऱ्याच कंपन्या ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी जड काम नकोच, पहाटे करू द्या. गादीवर ठेवला की खालची हवा कोंडते, लाकडी पाट बरा. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, त्यातून पाण्याचे बारीक तुषार उडतात. बॅगेत टाकताना नुसतं झाकण मिटू नये, शटडाउन करावं. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग त्या क्षणी बंद करून दुरुस्तीला न्या, दाबू-टोचू नका.

जिनिंगच्या आसपासचे लॅपटॉप उघडले की फॅनच्या जाळीवर रुईचा थर निघतो, चिमटीत धरून अख्खा उचलता येतो, गोधडीच्या तुकड्यासारखा. कापसाच्या हंगामानंतर वर्षातून एकदा साफ करून घ्या.

लाइट जाते त्याने लॅपटॉपचं बिघडत नाही, आत बॅटरी असते. धोका लाइट परत येताना. न्यूट्रल तुटला तर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास येऊ शकतात आणि चार्जरवर तर १०० ते २४० लिहिलेलं असतं. लाइट गेली की प्लग काढायचा, आल्यावर पाच मिनिटांनी लावायचा. विजा कडाडत असतील तेव्हा तर नक्कीच. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासा. बोर्डात बसत नाही म्हणून चार्जरची तिसरी पिन कापू नका.

एक काम आजच करा. नव्या विंडोजमध्ये डिस्क बरेचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, म्हणजे आतल्या डेटाला कुलूप लागलेलं असतं. चोरी झाली तर ते चांगलं, पण मदरबोर्ड बदलला की मशीन ४८ आकडी 'रिकव्हरी की', म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागतं, आणि ती नसेल तर मीही काही करू शकत नाही. मुलीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती सहसा जमा असते. तिथून कागदावर उतरवून घ्या, दोघांनी आकडे ताडून बघा, आणि तो कागद घरी सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा.