जाहिरातीच्या पानापासून वाच

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

लग्न विशेषांकाचं काम तुझ्याकडे आलं. जुने अंक कुठून वाचायला घेऊ, असं विचारलंस. मागून घे, जाहिरातींपासून. संपादकाला काय शोभून दिसतं ते लेखात सापडतं, आणि वधूपित्याचे पैसे कुठे जाणार ते जाहिरातीत. हा धंदा जन्मलाच तसा. पुढे 'ब्राइड्स' म्हणून गाजलेलं अमेरिकी मासिक १९३४ साली निघालं, ते लग्न ठरलेल्या मुलींना फुकट वाटायला, खर्च जाहिरातदारांचा. २०१९ मध्ये त्याचा छापील अंक बंद झाला आणि ते फक्त वेबवर उरलं.

आमच्या वेळच्या अंकांत शालू, स्टीलची भांडी आणि मंगल कार्यालयं असत. मग व्हिडिओवाले आले, ब्यूटी पार्लर आलं. आता प्री-वेडिंग शूटवाल्याचं नाव मुंडावळ्यांपेक्षा मोठ्या टायपात. केळवणाला मात्र कुणी जाहिरातदार नव्हता, म्हणून घरोघर होत असूनही ते आमच्या अंकात कधी आलं नाही. हल्ली केळवणाची पानं सजवून देणारे निघालेत म्हणे. बघ, या वर्षी त्याला चार पानं मिळतील!

माझी एक चूक सांगतो. शिवलेली नऊवारी बाजारात आली तेव्हा मी ठणठणीत मथळा दिला, 'परंपरा परतली'. आठवड्यात एका आजींचं पोस्टकार्ड आलं: साडी परतली खरी, नेसवणारी कुठाय? त्यांचं बरोबर होतं. नऊ वार कापडाचा काष्टा घालायचा म्हणजे शेजारची काकू लागायची, तिचे दोन तास लागायचे, चेष्टा-मस्करी व्हायची. शिवलेल्या साडीला हूक लावले की काम झालं. सोय आहे, नाकं मुरडू नकोस. नोकरी करणाऱ्या मुलीला तेवढा वेळ कोण देणार? पण वाट्याला काय आलं आणि काय गेलं, दोन्ही लिही. रुखवताचंही तेच. तेही आता भाड्यानं मिळतं.

मेंदी, संगीत, पिवळ्या कपड्यांची हळद, यावर लिहायला पुष्कळ जण आहेत. ते तू सोड.

त्यापेक्षा माणसं कुठे उभी आहेत ते बघ. कपडे दर दोन वर्षांनी बदलतात, जागा बदलायला पिढ्या जातात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. माझ्या हाताखालून गेलेल्या लग्न विशेषांकांत मात्र नवरीला हळद लावणारी विधवा आई मी एकदाही छापली नाही. फोटोच येत नसत, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मी मागवत नव्हतो. तू माग. नवरीची आई एकटी असेल तर हळदीला पहिला हात कुणाचा, कन्यादानाला कोण बसलं, की तो विधीच गाळला, हे विचार. आणि भटजींनाही विचार. हल्ली विधी कोण गाळायला सांगतं, मुलगी की मुलाकडचे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

रविवारी ये. जुने गठ्ठे माळ्यावर आहेत, आणि शिडी धरायला माझ्याकडे कुणी नाही.

तुझा,
जुना संपादक